डिजिटल कार्ड-बोर्डवर आपली कामं कशी मांडावीत: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कामांच्या याद्या आपण सगळेच करतो. वहीच्या मागच्या पानावर, फोनच्या नोट्समध्ये, स्वतःच स्वतःला पाठवलेल्या मेसेजमध्ये त्या पडून असतात. पण यादीवर सगळी कामं सारखीच दिसतात. अर्धं झालेलं, हातही न लावलेलं, कुणाच्या तरी उत्तरावाचून अडलेलं आणि ‘बघू कधीतरी’ म्हणून टिपून ठेवलेलं, सगळी एकाखाली एक. त्यामुळे यादी तीनदा वाचली तरी आत्ता नेमकं काय हातात घ्यावं ते कळत नाही.

डिजिटल कार्ड-बोर्ड ही अडचण सोडवतो. स्क्रीनवर शेजारी शेजारी उभे रकाने असतात, प्रत्येक काम म्हणजे एक कार्ड, आणि काम पुढे सरकलं की ते कार्ड ओढून पुढच्या रकान्यात न्यायचं. शिकायला फार वेळ लागत नाही. तरीही बरेच जण हौसेने बोर्ड बनवतात आणि थोड्याच दिवसांत सोडून देतात, कारण त्यावर कामं साठत जातात आणि संपत मात्र नाहीत. म्हणून बोर्ड कसा मांडायचा हे आपण पाहूच, पण जास्त भर देऊ तो कार्ड कसं लिहावं आणि एका वेळी किती कामं चालू ठेवावीत यावर. माझ्या मते बोर्ड टिकतो की बारगळतो, हे या दोनच गोष्टींवर ठरतं.

ही पद्धत आली कुठून

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यांत ताइइची ओनो या अभियंत्याने कार्डांची एक पद्धत बसवली. सुट्या भागांच्या खोक्यासोबत एक कार्ड असे. पुढच्या विभागाने ते भाग वापरले की कार्ड मागच्या विभागाकडे परत जाई, आणि मग तेवढेच भाग नव्याने बनवले जात. कार्ड परत आलं नाही तर बनवायचं नाही, हा नियम. माल साचू न देणं हेच त्या कार्डाचं मुख्य काम होतं. पुढे २०००च्या दशकात डेव्हिड अँडरसन यांच्यासारख्यांनी हीच पद्धत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटांच्या कामात आणली. २०११ साली ट्रेलो हे कार्ड-बोर्डचं ॲप बाजारात आलं आणि कार्ड ओढून पुढे नेण्याचा हा प्रकार कंपन्यांच्या बाहेर, सामान्य माणसाच्या खाजगी कामांपर्यंत पोचला.

या प्रवासात रकाने आणि कार्डं टिकली, पण ‘साचू द्यायचं नाही’ हा गाभा बऱ्याच ठिकाणी गळून पडला. तो परत बसवला की बोर्ड खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.

ॲप कुठलं घ्यावं

इथे फार घोळ घालू नका. ट्रेलो नवख्यांसाठी सोपं आहे आणि एकट्याच्या कामांना त्याची मोफत आवृत्ती पुरते. नोशन आधीपासून वापरत असाल तर त्यात माहितीचा तक्ता बोर्डच्या रूपात पाहायची सोय आहेच. कार्यालयात मायक्रोसॉफ्टची खाती असतील तर प्लॅनर मिळतं. आपली माहिती आपल्याच सर्व्हरवर असावी असं वाटणाऱ्यांसाठी वीकॅन, कॅनबोर्ड आणि नेक्स्टक्लाउड डेक ही मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशी, ॲप्स आहेत.

निवडताना दोन गोष्टी तपासा. एक, ॲप फोन आणि कॉम्प्युटर दोन्हींवर नीट चालतं का. कारण काम आठवतं ते रस्त्यात, आणि आवरायचं असतं ते टेबलावर बसून. दोन, आपली माहिती फाइलच्या रूपात बाहेर काढता येते का. ट्रेलोमध्ये बोर्ड जेसन फाइलमध्ये उतरवता येतो. ती फाइल वाचायला सुटसुटीत नसते, पण कार्डांवरचा मजकूर तिच्यात असतो. एक संध्याकाळ द्या, एक ॲप निवडा आणि पुढे चला. पुढचं सगळं कुठल्याही ॲपमध्ये जवळपास सारखंच लागू पडतं.

पहिला बोर्ड मांडताना

नवा बोर्ड उघडा आणि त्याला ‘माझी कामं’ असं साधं नाव द्या. घर, नोकरी, अभ्यास, छंद यांचे वेगवेगळे बोर्ड सुरुवातीलाच करू नका. तुम्ही एकच आहात, दिवसही एकच आहे. चार बोर्ड केले की कुठला आधी उघडायचा हा पाचवा प्रश्न तयार होतो.

बोर्डवर हे पाच रकाने घ्या, डावीकडून उजवीकडे:

आलेलं
पुढचं
चालू
अडलेलं
झालं

‘आलेलं’ म्हणजे जे काही सुचलं, कुणी सांगितलं, आठवलं, ते बिनविचार टाकायची जागा. ‘पुढचं’ म्हणजे विचार करून निवडलेली, येत्या आठवड्या-दोन आठवड्यांत करायची कामं. ‘चालू’मध्ये फक्त तेच, ज्याला तुम्ही खरोखर हात घातला आहे. ‘अडलेलं’ म्हणजे चेंडू दुसऱ्याच्या कोर्टात आहे असं काम. आणि ‘झालं’ म्हणजे झालं.

काही जण सहावा ‘कधीतरी’ रकानाही ठेवतात. नवी भाषा शिकायची आहे, जुने फोटो लावायचे आहेत, अशी हौसेची कामं तिथे जातात. मला तो उपयोगी वाटतो, फक्त तो बोर्डच्या अगदी उजव्या टोकाला, ‘झालं’च्याही पलीकडे ठेवा. रोज डोळ्यासमोर राहिला की त्याचं ओझं होतं.

डोक्यातलं सगळं बाहेर काढा

आता एक तास मोकळा काढा आणि जे जे आठवेल ते ‘आलेलं’मध्ये लिहीत सुटा. लहान-मोठं, महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं असा भेद इथे करू नका, क्रम लावू नका. दाताच्या डॉक्टरची वेळ घ्यायची आहे, लॅपटॉपचा बॅकअप घ्यायचा आहे, भावाला कागद पाठवायचे आहेत, अर्ध्यावर सोडलेला ऑनलाइन कोर्स पूर्ण करायचा आहे, सगळं येऊ द्या. जुन्या याद्या कुठे असतील तर त्याही काढा. ट्रेलोमध्ये एक युक्ती आहे: कित्येक ओळींची यादी एका नव्या कार्डाच्या चौकटीत पेस्ट केली, तर प्रत्येक ओळीचं वेगळं कार्ड करायचं का असं ते विचारतं. ‘हो’ म्हटलं की वहीतली टाइप केलेली अख्खी यादी क्षणात बोर्डवर येते.

हे केल्याने डोकं हलकं होतं असं लोक म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की अपुरं राहिलेलं उद्दिष्ट दुसरं काही करतानाही मनात डोकावत राहतं. पण ते कधी, कुठे, कसं पूर्ण करायचं याचा नेमका बेत आखला की हा त्रास नाहीसा होतो, काम प्रत्यक्षात झालेलं नसलं तरीही. म्हणजे ‘लॅपटॉप’ एवढं लिहून भुणभुण थांबत नाही. पुढचं पाऊल लिहावं लागतं. म्हणूनच पुढचा भाग नीट वाचा.

कार्ड कसं लिहावं

एखादं कार्ड दिवसेंदिवस जागचं हलत नसेल, तर दोष बहुधा आळसाचा नसतो, कार्डावरच्या शब्दांचा असतो. एक उदाहरण जवळून पाहू.

कार्डावर लिहिलंय: ‘पासपोर्ट’.

हे वाचून हातपाय हलत नाहीत. पासपोर्टचं काय? शोधायचा आहे, नवा काढायचा आहे, कुणाला द्यायचा आहे? दर वेळी कार्ड वाचताना हा विचार नव्याने करावा लागतो आणि मग नजर आपोआप पुढच्या सोप्या कार्डावर जाते. थोडं बरं: ‘पासपोर्टचं नूतनीकरण करणे’. आता हेतू कळला, पण हे एका बैठकीत होणारं काम नाही. त्यात कागद आहेत, फोटो आहेत, अर्ज आहे, शुल्क आहे, भेटीची वेळ आहे. चालू शकेल असं कार्ड असं असतं: ‘पासपोर्ट नूतनीकरणाला कुठले कागद लागतात ते अधिकृत संकेतस्थळावर पाहून यादी करणे’. हे वाचल्यावर कॉम्प्युटरपुढे बसून लगेच काय करायचं ते कळतं, आणि ते झालं की नाही हेही नक्की सांगता येतं.

तेव्हा कार्डाच्या नावात क्रियापद हवंच: फोन करणे, वाचून काढणे, मोजणे, विचारणे, पाठवणे. ‘बघणे’ आणि ‘विचार करणे’ ही दोन क्रियापदं शक्यतो टाळा, कारण ती कधी संपतच नाहीत. ‘विम्याचं बघणे’च्या ऐवजी ‘विम्याच्या दोन योजनांची तुलना करून एक निवडणे’ लिहिलं की शेवट दिसू लागतो.

कार्डाचा आकार किती असावा? एका बैठकीत, फार तर दोन बैठकांत संपेल एवढा. त्याहून मोठं वाटलं तर तोडा. पण तुकडे फार बारीकही करू नका. ‘ईमेल उघडणे’, ‘फाइल जोडणे’, ‘पाठवणे’ अशी तीन कार्डं केली तर काम राहतं बाजूला आणि कार्डं हलवण्यातच वेळ जातो. दोन मिनिटांत होणारं काम तर कार्ड न करता तिथल्या तिथे उरका.

कार्ड उघडल्यावर आत वर्णनाची जागा असते. तिथे ‘काय झालं म्हणजे हे संपलं’ एवढी एक ओळ लिहून ठेवावी असं मी आग्रहाने सांगेन. ‘कोर्सचा तिसरा धडा पूर्ण करणे’ या कार्डात ‘व्हिडिओ पाहून झाले, प्रश्नावली सोडवून झाली, जादा वाचन यात नाही’ असं लिहिलं, की नंतर स्वतःशीच घासाघीस करावी लागत नाही. लागणारी लिंक, फोन नंबर, अर्जाचा क्रमांक, स्कॅन केलेली पावती, सगळं त्याच कार्डात ठेवा. पंधरा दिवसांनी कार्ड उघडल्यावर जे शोधावं लागेल, ते आजच तिथे असू द्या.

‘चालू’ रकान्याला कुंपण घाला

लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर तो हा ठेवा. ‘चालू’मध्ये एका वेळी तीनच कार्डं.

तीन हा आकडा काही पवित्र नाही. कुणाला दोन जमतील, कुणाला चार. पण आकडा ठरलेला हवा आणि तो पाळलाही पाहिजे. नवीन कार्ड आत घ्यायचं असेल तर आधी एक बाहेर गेलं पाहिजे: संपून ‘झालं’मध्ये, अडून ‘अडलेलं’मध्ये, किंवा प्रामाणिकपणे मागे ‘पुढचं’मध्ये. कॅनबोर्ड आणि वीकॅनमध्ये रकान्याला अशी मर्यादा घालायची सोय आहे. तुमच्या ॲपमध्ये ती सापडत नसेल तर रकान्याचं नावच ‘चालू, कमाल ३’ असं ठेवा. नावात आकडा दिसत राहिला की चौथं कार्ड ओढताना हात थबकतो.

यामागे साधं गणित आहे. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने १९६१ साली रांगांविषयीचा एक नियम सिद्ध केला. तो असा: एखाद्या व्यवस्थेत सरासरी जितक्या गोष्टी असतात, तो आकडा म्हणजे दर आठवड्याला आत येणाऱ्या गोष्टींची संख्या गुणिले प्रत्येकीला आत लागणारे सरासरी आठवडे. घडी नीट बसलेली असेल, म्हणजे जितकी कामं आत येतात तितकीच बाहेर पडत असतील, तर हा नियम दुकानातल्या रांगेला लागू पडतो तसाच तुमच्या बोर्डलाही.

समजा तुम्ही आठवड्याला तीन कामं संपवता. ‘चालू’मध्ये बारा कार्डं असतील तर प्रत्येक काम सुरू केल्यापासून संपेपर्यंत सरासरी चार आठवडे जातात. त्याच वेगाने काम करत ‘चालू’मध्ये तीनच कार्डं ठेवली, तर प्रत्येक काम सरासरी एका आठवड्यात हातावेगळं होतं. आठवड्याला संपणारी कामं दोन्हीकडे तीनच, तुमची मेहनतही तेवढीच. पण पहिल्या प्रकारात बारा जण महिनाभर तुमच्या तोंडाकडे बघत बसतात, दुसऱ्या प्रकारात ज्याचं काम हातात घेतलं त्याला आठवड्यात उत्तर मिळतं. शिवाय प्रत्यक्षात वेगही वाढतो, कारण अर्धवट सोडलेल्या कामाकडे परत आल्यावर ‘कुठे होतो आपण?’ यात जाणारा वेळ वाचतो. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असं ज्याला म्हणतात, ते बोर्डवर असं मोजून दिसतं.

सुरुवातीला हे जड जातं. चौथं काम खुणावत असतं आणि चालू असलेलं तिसरं कंटाळवाणं झालेलं असतं. त्या वेळी तिसऱ्या कार्डाकडे पाहा: ते का संपत नाही? बहुतेकदा तीनपैकी एक कारण निघतं. कार्ड फार मोठं आहे, मग तोडा. पुढे काय करायचं ते कळत नाही, मग तेवढंच शोधून काढायचं कार्ड करा. किंवा ते काम तुम्हाला करायचंच नाही, मग तसं स्वतःशी कबूल करून कार्ड काढून टाका. हे शेवटचंही काम संपवणंच आहे, त्यात वाईट काही नाही.

तातडीचं काम आलं तर? येतंच. ते आत घ्या, पण त्या बदल्यात चालू असलेलं एक कार्ड ‘पुढचं’च्या सगळ्यात वर नेऊन ठेवा. तातडीने काय बाजूला सारलं ते दिसलं पाहिजे.

‘अडलेलं’ म्हणजे अडगळ नव्हे

बँकेकडून उत्तर यायचं आहे, घरमालकाने फोन करतो म्हटलंय, वस्तू मागवली आहे पण पोचलेली नाही: अशी कार्डं ‘चालू’मध्ये ठेवली की तीनाची मर्यादा फुकट अडते, आणि ‘पुढचं’मध्ये ठेवली की विसरली जातात. म्हणून हा वेगळा रकाना.

त्याचा एकच नियम आहे. कार्ड इथे टाकताना कुणामुळे अडलंय आणि पुन्हा कधी विचारायचं, या दोन गोष्टी त्यावर लिहायच्या. विचारायची तारीख कार्डाच्या मुदतीत टाकली की ॲपच आठवण करतं. हे केलं नाही तर हा रकाना भिजत घोंगड्यांचा होतो.

मोठा प्रकल्प बोर्डवर कसा आणायचा

घर बदलणं, प्रबंध लिहिणं, घराची डागडुजी, लांबचा प्रवास: यांचं एकच कार्ड करून चालत नाही आणि सगळी कार्डं एकदम ओतूनही चालत नाही.

घर बदलण्याचं उदाहरण घेऊ. ‘पुढचं’मध्ये ‘घर बदलणे’ असं एक मुख्य कार्ड करा. त्याच्या आत चेकलिस्ट जोडा आणि सुचतील तितकी पावलं लिहा: जुन्या घराचा करार कधी संपतो ते पाहणे, नवीन घराच्या खोल्या आणि दारं मोजणे, मोठ्या सामानाची यादी करणे, सामान वाहणाऱ्या तिघांकडून दर मागवणे, वीज आणि इंटरनेट कुठल्या तारखेपासून बदलायचं ते ठरवणे, पत्ता कुठे कुठे बदलावा लागेल त्याची यादी करणे, वापरात नसलेल्या वस्तू काढून टाकणे. क्रम चुकला तरी हरकत नाही, चेकलिस्टमधल्या ओळी वरखाली करता येतात.

आता त्यांतली फक्त पहिली एक-दोन पावलं वेगळ्या कार्डांत काढा. ट्रेलोमध्ये चेकलिस्टमधल्या ओळीचं थेट कार्ड करता येतं. ‘नवीन घराच्या खोल्या आणि दारं मोजणे’ हे कार्ड ‘चालू’मध्ये जाईल, संपेल, आणि मग चेकलिस्टमधलं पुढचं पाऊल कार्ड बनून बाहेर येईल. पस्तीस पावलं असली तरी बोर्डवर एका वेळी दोनच दिसतात. दारं मोजल्याशिवाय कपाट न्यायचं की नाही हे ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय सामान वाहणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही. पावलं एकमेकांवर अशी उभी असताना सगळी कार्डं आधीच पसरून ठेवण्यात अर्थ नसतो, कारण पहिल्या दोन पावलांनंतर बाकीची बदलतातच.

प्रकल्पासाठी वेगळा बोर्ड कधी करावा? त्यात दुसरी माणसं सामील असतील तेव्हा, किंवा त्याचे टप्पे तुमच्या नेहमीच्या रकान्यांत बसत नसतील तेव्हा. उदाहरणार्थ लेखमाला लिहीत असाल, तर ‘कल्पना, मसुदा, तपासणी, प्रकाशित’ असे रकाने जास्त शोभतात. तरीही त्यातलं आज जे करायचं, त्याचं कार्ड मुख्य बोर्डवर असू द्या.

मुदत फक्त खऱ्या मुदतीच्या कामाला

प्रत्येक कार्डाला तारीख लावायचा मोह होतो. लावू नका. मनाने ठरवलेल्या तारखा चुकत जातात, सगळा बोर्ड लालेलाल होतो आणि मग खरी मुदतही त्या लालीत दिसेनाशी होते. बाहेरून आलेली तारीख असेल तरच मुदत टाका: शुल्क भरायचा शेवटचा दिवस, परीक्षा, ठरलेली भेट. ‘अडलेलं’मधली आठवणीची तारीख हा एवढाच अपवाद.

आणि खरी मुदत कुठली ते नीट पाहा. पासपोर्टचीच गोष्ट घ्या. त्यावर छापलेली तारीख ही मुदत वाटते, पण कित्येक देश प्रवेशाच्या वेळी पासपोर्ट आणखी सहा महिने चालणारा असावा अशी अट घालतात. म्हणजे प्रवास ठरला असेल तर तुमची मुदत सहा महिने अलीकडे आली, आणि नूतनीकरणाला लागणारा वेळ धरला तर आणखी अलीकडे. कार्डावर ही मागे आणलेली तारीख टाका.

आपले अंदाज बहुधा उत्साही असतात हेही धरून चाला. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या १९९४ सालच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा निघाला, प्रत्यक्षात लागले ५५हून जास्त. यावर उपाय तुमच्या बोर्डवरच आहे. ‘झालं’मधली मागची अशीच कार्डं उघडून पाहा. कार्ड कधी बनलं, कधी हललं याची नोंद ट्रेलोसारखं ॲप स्वतःच ठेवतं. मागचा अर्ज भरायला अकरा दिवस लागले असतील तर याही वेळी तेवढे धरा.

लेबलं

रंगीत लेबलं दिसायला छान असतात आणि त्यातच फार वेळ जातो. तीन-चार पुरेत. विषयानुसार लेबलं लावण्यापेक्षा काम कुठे आणि कशाने होतं त्यानुसार लावलेली जास्त कामाला येतात: ‘फोनवर’, ‘कॉम्प्युटरवर’, ‘बाहेर’. बाहेर पडायच्या आधी ‘बाहेर’ लेबलाने गाळणी (फिल्टर) लावली की एका फेरीत होणारी कामं एकत्र दिसतात. एखादं लेबल महिनाभर गाळणीत वापरलंच नाही, तर काढून टाका.

रोजची पाच मिनिटं, आठवड्याचा अर्धा तास

सकाळी बोर्ड उघडा, उजवीकडून डावीकडे पाहत या. आधी ‘अडलेलं’: आज कुणाला विचारायचं आहे का? मग ‘चालू’: यातलं कुठलं आज संपेल? त्यानंतरच, जागा असेल तर, ‘पुढचं’. हा उलटा क्रम मुद्दाम सांगतो आहे. डावीकडून सुरुवात केली की नवीन कामाचा मोह होतो. उजवीकडून केली की संपत आलेल्याला हात लागतो.

दिवसभरात काही सुचलं तर फोनवरून ‘आलेलं’मध्ये टाका आणि हातातल्या कामाला परत या. रोज करायच्या गोष्टी, म्हणजे व्यायाम, औषध, झाडांना पाणी, यांची कार्डं बोर्डवर नकोत. त्यांना फोनचा गजर पुरतो.

आठवड्यातून एकदा अर्धा तास बसा. ‘आलेलं’ रिकामं करा: प्रत्येक कार्ड एक तर नीट शब्दांत लिहून ‘पुढचं’मध्ये, नाहीतर ‘कधीतरी’मध्ये, नाहीतर कचऱ्यात. ‘पुढचं’ दहाच्या वर गेलं असेल तर छाटा. मग ‘झालं’मधली कार्डं एकदा वाचून काढा आणि अर्काइव्ह करा. हे वाचणं टाळू नका. आठवडा कुठे गेला हे एरवी सांगता येत नाही, इथे ते लिहिलेलं असतं.

अर्काइव्ह करणं आणि डिलीट करणं यांत फरक आहे हे लक्षात असू द्या. अर्काइव्ह केलेलं कार्ड नजरेआड होतं आणि बोर्डच्या मेनूतून परत आणता येतं. ट्रेलोमध्ये डिलीट केलेलं कार्ड मात्र परत येत नाही.

बोर्डवर काय नसावं

बोर्ड बनवताना तो कोण पाहू शकतं याची सेटिंग असते: फक्त तुम्ही, तुमचा गट, किंवा सगळं जग. स्वतःच्या कामांचा बोर्ड खाजगीच ठेवा आणि सेटिंग डोळ्यांनी तपासून घ्या. सार्वजनिक ठेवलेल्या बोर्डांवरचे पासवर्ड शोधयंत्रांतून कुणालाही सापडत होते, अशी प्रकरणं २०१८ साली उघडकीला आली होती. बोर्ड खाजगी असला तरी पासवर्ड, बँक कार्डाचे क्रमांक, ओळखपत्रांच्या प्रती त्यावर ठेवू नका. पासवर्डसाठी पासवर्ड मॅनेजर वापरा आणि बोर्डवर फक्त कुठे ठेवलंय तेवढं लिहा.

घरातल्या कुणाबरोबर बोर्ड वाटून घेणार असाल तर त्यासाठी वेगळा बोर्ड करा, आणि प्रत्येक कार्डावर एकाच माणसाचं नाव लावा. दोघांचं म्हणून सोडलेलं कार्ड कुणाचंच राहत नाही.

बोर्ड साचला, उघडावासा वाटत नाही

आजारपण येतं, प्रवास होतो, कामाचा लोंढा येतो आणि काही आठवडे बोर्डकडे बघितलं जात नाही. परत उघडल्यावर ‘पुढचं’मध्ये साठ कार्डं, निम्म्यांच्या मुदती उलटून गेलेल्या. अशा वेळी एकेक कार्ड निस्तरत बसू नका, त्यात धीर सुटतो.

आधी ‘अडलेलं’ आणि मुदतीची कार्डं तेवढी तपासा. पैसे, आरोग्य किंवा दुसऱ्या कुणाचं नुकसान होईल असं काही निघालं तर ते आजच्या आज करा. उरलेली सगळी कार्डं रकान्यासकट अर्काइव्ह करून टाका. बऱ्याच ॲपमध्ये अख्खा रकाना एका फटक्यात अर्काइव्ह होतो. मग त्याच नावांचे रिकामे रकाने करा आणि जुन्या कार्डांकडे न पाहता, मनात आत्ता जे आहे तेवढंच नव्याने लिहा. दहा-बारा कार्डं होतील. त्यांतलं सगळ्यात लहान कार्ड ‘चालू’मध्ये घ्या आणि ते संपेपर्यंत दुसरं काही आत घेऊ नका. जुन्यापैकी एखादं पुढे लागलंच, तर अर्काइव्हमध्ये नाव शोधून परत आणता येतं.